कॉम्प्युटरवर गाणं रेकॉर्ड आणि एडिट करताना लागणारे शब्द: आवाज ज्या वाटेने जातो, त्या क्रमाने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाणं आणि गिटार कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचं आहे, माइक आणि ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरला देणारी पेटी) जोडून झालाय, पण सॉफ्टवेअर उघडलं की गेन, बफर, सॅम्पल रेट, बस, बाउन्स, मिडी असे इतके शब्द एकदम अंगावर येतात की आधी काय शिकायचं तेच कळत नाही.

हे शब्द यादी करून पाठ करू नका. आवाज गळ्यातून निघतो आणि शेवटी त्याची फाइल होते, तोवर तो एका ठरावीक वाटेने जातो. त्या वाटेवर जो शब्द जिथे भेटेल तिथे तो समजून घ्या, आणि प्रत्येकापाशी विचारा: इथे चुकलं तर नंतर दुरुस्त करता येईल का? दुरुस्त न होणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. खोली, माइकची जागा, गेन, आणि सुरुवातीला निवडलेल्या एकदोन सेटिंग्ज. एवढं रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी पक्कं कळायला हवं. इक्यू, रिव्हर्ब (नंतर घातलेली कृत्रिम घुमरी), पॅन, बस हे सगळं हव्या तितक्या वेळा बदलता येतं, ते सावकाश शिकलं तरी चालतं.

वाट माइकपासून सुरू होते. डायनॅमिक माइक दणकट असतो आणि आजूबाजूचे बारीक आवाज फारसे घेत नाही. कंडेन्सर माइक सगळंच बारकाईने पकडतो, आणि त्याला चालायला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. इंटरफेस तो माइकच्याच केबलमधून देतो, त्याला फँटम पॉवर म्हणतात. कंडेन्सर जोडूनही आवाज येत नसेल तर आधी इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण पाहा. जुना रिबन माइक (आत धातूची पातळ पट्टी असलेला) असेल तर मात्र ते बंद ठेवा, त्याला इजा होऊ शकते. समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेणाऱ्या माइकला कार्डिऑइड म्हणतात. अशा माइकच्या अगदी जवळ गेलं की खालचे सूर फुगतात. तो प्रॉक्सिमिटी इफेक्ट. गाताना तोंड वीतभर लांब ठेवा आणि मध्ये पॉप फिल्टर लावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना सुटणारा हवेचा झोत माइकवर आदळत नाही. खोली घुमत असेल तर ती घुमरी गाण्याला कायमची चिकटते. रिव्हर्ब नंतर घालता येतो, पण रेकॉर्ड झालेली खोली धुऊन काढता येत नाही. तसा दावा करणारी प्लगइन्स (सॉफ्टवेअरला जोडायची छोटी साधनं) आहेत, ती थोडी मदतही करतात, पण जास्त वापरली की आवाजाचा पोत जातो. जाड पडदे, गाद्या, पुस्तकांनी भरलेली कपाटं जिथे असतील तिथे बसून रेकॉर्ड करा. महागड्या माइकपेक्षा याने जास्त फरक पडतो.

आता गेन. माझ्या मते तुमच्या यादीतला हा सगळ्यात महत्त्वाचा शब्द. माइकमधून येणारा सिग्नल फार दुबळा असतो. इंटरफेसमधला प्रीअँप तो वाढवतो, आणि किती वाढवायचा ते गेनचा नॉब ठरवतो. सॉफ्टवेअरमधला फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, वरवर पाहता तेच काम करतो, पण तो वाटेवर खूप पुढे आहे. रेकॉर्ड झालेला आवाज ऐकताना किती मोठा यावा, एवढंच त्याच्या हातात असतं. गेन जास्त ठेवून आवाज फाटला आणि मग तुम्ही फेडर खाली ओढला, तर तोच फाटलेला आवाज हळू ऐकू येईल.

फाटणं म्हणजे नेमकं काय, ते एकदा स्क्रीनवर मोठं करून पाहाच. डिजिटलमध्ये पातळी मोजताना सगळ्यात वरची मर्यादा शून्य धरतात आणि बाकी सगळं वजामध्ये येतं. हे माप डेसिबलमध्ये (डीबी) असतं, त्याला डीबीएफएस म्हणतात. शून्याच्या वरचं साठवायला रेकॉर्डिंगमध्ये जागाच नसते. चांगल्या रेकॉर्डिंगचा वेव्हफॉर्म, म्हणजे स्क्रीनवरचं लाटांचं चित्र, झूम करत गेलात की लाटांचे माथे गोलसर दिसतात. शून्याला धडकलेल्या लाटांचे माथे छाटलेले, एकदम सपाट दिसतात. ते क्लिपिंग. त्या सपाट पट्टीच्या वर मूळ आवाजाचा आकार काय होता याची नोंद फाइलमध्ये कुठेच नसते, म्हणून दुरुस्ती करणारं सॉफ्टवेअर तिथे फक्त अंदाजाने गोलाई भरतं. एखाददुसरा माथा असेल तर ते खपून जातं. अख्खी ओळ तशी असेल तर पुन्हा गाणं हाच उपाय.

म्हणून गेन लावताना गाण्यातली सगळ्यात जोरकस ओळ म्हणा, नुसतं ‘हॅलो, हॅलो’ नको. मीटरचा सगळ्यात वरचा टोला, म्हणजे पीक, वजा १२ ते वजा १० डीबीच्या आसपास राहू दे. खऱ्या टेकमध्ये माणूस तपासणीपेक्षा हमखास जोरात गातो, ती जागा आधीच सोडलेली बरी. वेव्हफॉर्म बारीक दिसतो म्हणून गेन वाढवण्याचा मोह होईल, तो टाळा. बारीक दिसणारं नंतर मोठं करता येतं.

ते बिनधास्त मोठं का करता येतं, याचं उत्तर बिट डेप्थमध्ये आहे. इंटरफेस आवाजाच्या लाटेची उंची ठरावीक अंतराने मोजून आकड्यात लिहितो. तो आकडा किती बारकाईने लिहायचा ते बिट डेप्थ ठरवते. एका बिटमागे साधारण ६ डीबीचा पल्ला मिळतो, म्हणजे १६ बिटमध्ये सुमारे ९६ डीबी आणि २४ बिटमध्ये सुमारे १४४ डीबी. तुम्ही पीक वजा १२ वर ठेवलात तर फक्त २ बिट रिकामे राहिले, उरलेले २२ बिट तुमच्या खोलीतल्या पंख्याच्या आवाजाच्याही कितीतरी खालपर्यंत पोहोचतात. त्यामुळे रेकॉर्डिंग २४ बिटवरच करा. ३२ बिट फ्लोट हा शब्दही दिसेल. सॉफ्टवेअर आतली आकडेमोड बहुधा त्यात करतं आणि तिथे शून्याच्या वर गेलेलं परत खाली आणता येतं. पण इंटरफेसमध्ये शिरतानाच आवाज फाटला असेल, तर त्याचा काही उपयोग होत नाही.

सॅम्पल रेट म्हणजे ही मोजणी सेकंदाला किती वेळा होते. एकेक मोजणी म्हणजे एक नमुना, सॅम्पल. माणसाला वरच्या बाजूला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि एखादी कंपनसंख्या नीट नोंदवायला तिच्या दुपटीहून जास्त वेगाने मोजावं लागतं. म्हणून आकडे ४०,००० च्या थोडे वरून सुरू होतात. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीचा दर ४४,१००. हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपमुळे आला. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ रेकॉर्डरवर साठवत, आणि चित्राच्या प्रत्येक ओळीत ३ नमुने, २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड (अर्धी चित्रं) असा गुणाकार केला की बरोबर ४४,१०० येतात. व्हिडिओच्या कामात ४८,००० चालतो. गाणं व्हिडिओसोबत जाणार असेल तर ४८,००० घ्या, नाहीतर दोन्हींतला कुठलाही. ९६,००० वर रेकॉर्ड करून फाइली दुपटीने फुगतात. साध्या गाण्याला कानाला कळेल असा फायदा होत नाही. खरी काळजी वेगळी आहे: प्रोजेक्ट सुरू करतानाच दर ठरवा आणि इंटरफेस व सॉफ्टवेअर दोन्हींत तोच ठेवा. ४४,१०० ची फाइल रूपांतर न करता ४८,००० वर वाजली तर गाणं सुमारे ९ टक्के वेगाने पळतं आणि सूर जवळपास दीड सेमीटोन वर चढतो. ‘माझा आवाज लहान मुलासारखा का येतोय’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

यानंतर नवख्या माणसाला सगळ्यात जास्त छळणारी जोडी येते, लेटन्सी आणि बफर. तुम्ही गाता, आवाज इंटरफेसमधून कॉम्प्युटरमध्ये जातो, सॉफ्टवेअर त्यावर काम करतं आणि तो परत हेडफोनमध्ये येतो. या फेरीला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी. कॉम्प्युटर एकेक नमुना हाताळत नाही, गठ्ठा साठू देतो आणि मग उचलतो. त्या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर. ४८,००० च्या दराने २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे ५.३ मिलीसेकंद, येताना एकदा आणि जाताना एकदा, म्हणजे साडेदहाच्या पुढे. १,०२४ चा बफर असेल तर जाऊनयेऊन ४२ मिलीसेकंदांच्या वर. साधारण १० मिलीसेकंदांच्या पुढे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मागून आल्यासारखा खटकू लागतो आणि लय ओढली जाते. बफर फार कमी केला तर कॉम्प्युटरची दमछाक होऊन आवाजात टकटक, चरचर ऐकू येते. म्हणून रेकॉर्ड करताना बफर लहान, ६४ किंवा १२८, आणि मिक्स करताना मोठा. विंडोजवर इंटरफेससोबत आलेला एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेस आणि सॉफ्टवेअर यांना थेट जोडणारा प्रोग्राम) निवडायला विसरू नका, त्याच्याशिवाय लेटन्सी आटोक्यात येणं कठीण. मॅकवर त्याच कामासाठी कोअर ऑडिओ आधीपासूनच असतो. बऱ्याच इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटणही असतं. ते लावलं की तुमचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न फिरता थेट हेडफोनमध्ये येतो, मग बफर कितीही असू दे. मात्र त्याच वेळी सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर एकच ओळ दोनदा ऐकू येईल.

आता कॉम्प्युटरच्या आत. ज्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं चालतं त्याला डॉ (DAW) म्हणतात: रीपर, क्यूबेस, लॉजिक, एबलटन लाइव्ह, प्रो टूल्स, आर्डर, गॅरेजबँड. शब्द सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच आहेत, त्यामुळे कुठल्याही एकावर हात बसवा आणि सारखं बदलत राहू नका. प्रत्येक आवाजाला एक आडवी पट्टी मिळते, तो ट्रॅक. माइकवरचा आवाज मोनो ट्रॅकवर घ्या, कारण एक माइक म्हणजे एकच सिग्नल. प्रत्येक वेळच्या गाण्या-वाजवण्याला टेक म्हणतात आणि ट्रॅकवर दिसणाऱ्या तुकड्याला क्लिप किंवा रीजन. क्लिप म्हणजे डिस्कवरच्या मूळ फाइलकडे उघडणारी खिडकी. खिडकी लहान केली, सरकवली, दोन केल्या, तरी पलीकडची फाइल तशीच राहते. याला नॉन-डिस्ट्रक्टिव्ह एडिटिंग म्हणतात. म्हणून कात्री चालवायला घाबरू नका. पण प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या ऑडिओ फाइली हाताने हलवू किंवा पुसू मात्र नका, प्रोजेक्ट उघडल्यावर सगळ्या क्लिप रिकाम्या सापडतील.

रेकॉर्ड करण्याआधी टेम्पो ठरवून क्लिक, म्हणजे मेट्रोनोम, लावावा का? गिटार, ड्रम, नंतर चढवायची वाद्यं असतील तर जरूर लावा, कारण मग कुठलाही तुकडा उचलून दुसरीकडे बसतो. मोकळ्या लयीचं गाणं असेल तर क्लिकच्या नादाने त्याचा श्वास कोंडतो, तिथे न लावलेला बरा. हेडफोन बंद प्रकारचे वापरा, नाहीतर क्लिकची टिकटिक माइकमध्ये शिरते आणि शांत जागी उघडी पडते.

मिडीबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकतो. १९८३ मध्ये आलेल्या या पद्धतीत आवाज मुळीच नसतो, फक्त सूचना असतात: कुठली पट्टी दाबली, किती जोराने, केव्हा सोडली. पट्ट्यांना ० ते १२७ क्रमांक असतात, मधला ‘सी’ ६० वर. जोराला व्हेलॉसिटी म्हणतात. सूर कुठल्या वाद्याचा निघणार ते सॉफ्टवेअरमधलं वाद्य ठरवतं, म्हणून पियानोवर वाजवलेलं नंतर व्हायोलिनला देता येतं आणि चुकलेला सूर माउसने सरकवता येतो. दुरुस्तीच्या दृष्टीने मिडी सगळ्यात मोकळं आहे. क्वांटाइझ म्हणजे सूर लयीच्या जाळीवर बसवणं. ते पूर्ण शंभर टक्के करू नका, ५० ते ७० टक्क्यांवर हाताचा जिवंतपणा राहतो.

एडिटिंगचा जीव कॉम्पिंगमध्ये आहे. एकच कडवं दोनचार वेळा गाऊन प्रत्येक टेकमधली चांगली जागा निवडायची आणि त्यांचा एक सलग टेक करायचा, ते कॉम्पिंग. कुठे कापायचं हे जमलं की ऐकणाऱ्याला जोड कधीच कळत नाही. समजा ओळ आहे ‘आज पुन्हा तो रस्ता’. ‘आज’ पहिल्या टेकमधला हवाय आणि पुढचं दुसऱ्यातलं. ‘पुन्हा’चा ‘प’ उच्चारताना ओठ क्षणभर बंद होतात, आणि वेव्हफॉर्ममध्ये त्या जागी एक छोटी सपाट फट दिसते. तिथे कापा. ‘त’, ‘क’, ‘ट’ यांच्या आधीही अशीच फट मिळते. ‘रस्ता’मध्येच जोडायची वेळ आली तर ‘स’च्या सळसळीत कापा, तिथे लाटेला ठरावीक आकार नसतो म्हणून जोड लपतो. सगळ्यात अवघड जागा म्हणजे लांबवलेला ‘आ’. दोन्ही टेकमधला सूर, जोर आणि लाटेची चढउतार जुळली नाही तर तिथे जोड उघडा पडतो.

कापलेल्या जागी लाट शून्यावर नसेल तर टक् असा आवाज येतो. म्हणून लाट जिथे मधली रेघ ओलांडते, म्हणजे झिरो क्रॉसिंगवर कापतात, आणि वर क्रॉसफेड देतात: एक तुकडा उतरत असताना दुसरा चढतो. फटीतल्या जोडाला ५ ते १० मिलीसेकंद पुरतात, स्वरावरच्या जोडाला जास्त लागतात. गिटारमध्ये तार छेडण्याच्या नेमका आधी कापा, छेडण्याचा टोला जोड झाकून टाकतो. आणि श्वास पुसून टाकू नका. श्वास ज्या ओळीसाठी घेतला त्या ओळीसोबतच ठेवा. फार मोठा वाटला तर ५-६ डीबी खाली घ्या. श्वास काढलेलं गाणं ऐकताना आपल्यालाच गुदमरल्यासारखं होतं.

गाणं आणि गिटार एकाच वेळी, दोन माइकवर रेकॉर्ड करणार असाल तर फेज हा शब्द लक्षात ठेवा. गळ्यातला आवाज जवळच्या माइकवर आधी आणि लांबच्या माइकवर नंतर पोहोचतो. हवेत आवाज एका मिलीसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. दोन्ही माइकपर्यंतच्या अंतरात तेवढा फरक असेल, तर दोन्ही ट्रॅक एकत्र वाजताना ५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना खाऊन टाकतो, तसाच १,५०० आणि २,५०० चाही, आणि आवाज पोकळ होतो. सुरुवातीला तरी गिटार आधी, गाणं नंतर, असं वेगवेगळं रेकॉर्ड करा. अशा थरावर थर चढवण्याला ओव्हरडब म्हणतात.

मिक्सिंगचे शब्द भराभर सांगतो, कारण इथे काहीच कायमचं नसतं. पॅन म्हणजे आवाज डावीकडे-उजवीकडे ठेवणं. इक्यू म्हणजे कंपनसंख्यांचे पट्टे कमी-जास्त करणं. गाण्याच्या ट्रॅकवर साधारण ८० हर्ट्झच्या खालचं हाय पास फिल्टरने काढलं की जमिनीची थरथर आणि पंख्याची घरघर जाते. इक्यूने आधी नको ते कमी करून पाहा, मग वाढवा. कॉम्प्रेसर जोराच्या जागा दाबतो. थ्रेशोल्ड (ज्याच्या वरचं दाबायचं ती मर्यादा) वजा २० आणि रेशो (किती पटीने दाबायचं) ४:१ असेल, आणि ओळ वजा १२ वर आली, तर ती मर्यादेच्या ८ डीबी वर आहे. कॉम्प्रेसर ते ८ चे २ करतो आणि ओळ वजा १८ वर निघते. मीटरवर गेन रिडक्शन ६ डीबी दिसेल. पकड किती लवकर घ्यायची तो अटॅक, किती लवकर सोडायची तो रिलीज. गाण्यावर ३ ते ६ डीबीची दाब बहुधा पुरते. हे सगळं ज्या छोट्या सॉफ्टवेअरच्या रूपात येतं ते प्लगइन. व्हीएसटी आणि एयू हे त्यांचे प्रकार. लॉजिक आणि गॅरेजबँड फक्त एयू घेतात, बाकीच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये व्हीएसटी चालतं.

इन्सर्ट आणि सेंड यांत घोळ होतो, तेवढं नीट पाहा. इन्सर्टमध्ये लावलेल्या प्लगइनमधून ट्रॅकचा पूर्ण आवाज जातो. इक्यू आणि कॉम्प्रेसरची जागा ती. सेंड आवाजाची एक प्रत वेगळ्या वाटेवर पाठवतो, मूळ आवाज जिथल्या तिथे राहतो. ती वेगळी वाट म्हणजे बस. बसवर एकच रिव्हर्ब लावा आणि गाणं, गिटार, कोरस तिथे थोडं थोडं पाठवा. सगळे एकाच खोलीत असल्यासारखे वाटतील आणि कॉम्प्युटरवरचा भारही कमी होईल. बसवरचा रिव्हर्ब शंभर टक्के वेट, म्हणजे नुसती घुमरी, ठेवा, कारण ड्राय, म्हणजे मूळ आवाज, ट्रॅककडून येतोच आहे. फेडर वेळेनुसार आपोआप हलवण्याला ऑटोमेशन म्हणतात. गाण्याची एखादी ओळ बुडत असेल तर कॉम्प्रेसर आणखी पिळण्याआधी ऑटोमेशनने तिला २ डीबी उचला, आवाज नैसर्गिक राहतो.

सगळं जमलं की बाउन्स किंवा एक्स्पोर्ट, म्हणजे प्रोजेक्टची एक स्टिरिओ फाइल करणं. मास्टरिंग ही त्या फाइलवरची शेवटची प्रक्रिया. ती मिक्समधल्या चुका सुधारत नाही. मोठेपणा एलयूएफएसमध्ये मोजतात, कारण हे माप कानाला जाणवणाऱ्या जोराच्या जवळ जातं. स्पॉटिफाय गाणी साधारण वजा १४ एलयूएफएसवर आणून वाजवतं, म्हणजे लिमिटरने (ठरावीक मर्यादेवर माथे जाऊ न देणाऱ्या साधनाने) पिळून फार मोठं केलेलं गाणं तिथे खालीच ओढलं जातं, फक्त चपटेपणा शिल्लक राहतो. ट्रू पीक, म्हणजे नमुन्यांच्या मधलेही माथे धरून मोजलेली कमाल पातळी, वजा १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका, एमपीथ्री किंवा तत्सम रूपांतरात माथे थोडे वाढतात. मूळ प्रत नेहमी वेव्ह फाइलमध्ये ठेवा. ४४,१०० आणि २४ बिटची स्टिरिओ वेव्ह मिनिटाला जवळपास १६ एमबी होते. फ्लॅक तीच माहिती कमी जागेत, काहीही न गमावता ठेवते. एमपीथ्री माहिती कायमची टाकून देते, म्हणून ती फक्त ऐकवायला पाठवा, पुन्हा एडिट करायला वापरू नका. २४ वरून १६ बिटवर येताना डिदर, म्हणजे आकडे छाटल्याची खरखर झाकणारा अगदी बारीक गोंगाट, लावतात, अगदी शेवटी आणि एकदाच.

दुसऱ्या कुणाला मिक्स करायला देणार असाल तर प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल काढा. सगळ्या फाइली गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होऊ द्या, आवाज दुसऱ्या मिनिटाला येत असला तरी. समोरच्याने त्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एका रेषेत ठेवल्या की सगळं आपोआप जुळतं. सोबत टेम्पो, सॅम्पल रेट आणि बिट डेप्थ लिहून पाठवा.